सर्परूप घेणाऱ्या वीराचा पूर्वपक्ष

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. त्या काळी चातुर्मासात मी सायंकाळी मंदिरात पुराण सांगत असे. श्रोते श्रद्धाळू होते. परंतु त्या सभामंडपात श्रद्धेचे आणि निद्रेचे मोठे सख्य होते, आणि त्यात व्यत्यय आणण्याची माझी इच्छाही नव्हती, शक्तीही नव्हती. एके दिवशी मात्र, बाजारातील व्हिडिओ गेमच्या दुकानाविषयी कोणाकडून तरी ऐकलेली गोष्ट मी ओघात सांगून गेलो. तेथील एका खेळात म्हणे नायक मनुष्यरूप टाकून पंख असलेला सर्प होतो, मुखातून अग्नी ओकतो, आणि आपली मुले शाळा बुडवून त्याच्याकडे एकटक पाहत बसतात. ही आसुरी उपासना होय, असे मी म्हणालो, आणि सारा मंडप जागा झाला. चाळीस वर्षांत माझ्या कोणत्याही वाक्याला असे भाग्य लाभले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती स्थापन झालेली होती. अध्यक्ष होते एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांच्या शिस्तीला हाताखाली कोणी उरले नव्हते, त्यामुळे ते उत्साहात होते. ते दुकान बंद करण्याविषयीचे निवेदन घेऊनच माझ्याकडे आले.

"शास्त्रीजी, पहिली सही तुमची. मूळ वाक्य तुमचं आहे."

मी पूजेला बसण्याच्या तयारीत होतो. कागद ठेवून जा, उद्या करतो, असे मी म्हणालो.

त्याच दुपारी दुकानदार आला. पूर्वी तो रेडिओ दुरुस्त करीत असे. रेडिओचा धंदा बसला तेव्हा त्याने हे दुकान थाटले, आणि त्याच्या घरची चूल आता त्यावरच पेटत होती. माणूस बौद्ध कुटुंबातला, वयाने चाळिशीचा. मी आत बोलावले, तरी तो दारातच उभा राहिला.

"गुरुजी, तुमी तो खेळ पाहिला का?"

"नाही."

"मंग काहून सांगितलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच कारण कळावे, अशा रीतीने त्याने विचारले होते. आमच्या पाठशाळेचा पहिला नियम असा की, ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत आधी पूर्णपणे मांडावे, आणि असे मांडावे की प्रतिपक्ष्याने स्वतः म्हणावे, होय, माझे म्हणणे हेच. हा पूर्वपक्ष. तो सिद्ध झाल्याशिवाय निर्णय देण्याचा अधिकारच नाही. हा नियम मी कित्येक विद्यार्थ्यांना शिकवला होता. मी त्याला म्हणालो, "उद्यापासून येतो. सगळे दाखवा."

तो म्हणाला, "सगळं म्हंजे चार भाग हायेत गुरुजी. महिना जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो. शास्त्राध्ययन केलेल्या मनुष्याला महिन्याचे भय वाटत नाही.

दुकानात तीन दूरदर्शन संच, एक पंखा आणि दाराला पडदा होता. खेळ इंग्रजीत; "अर्धं मला बी कळत न्हाई," असे सांगूनच त्याने पहिला भाग लावला. नायकाचे केस निळे, म्हणजे आपल्या देवांच्या वर्णाचे, पाहून मला प्रथमदर्शनी समाधान वाटले. हा वीर फारसे बोलतच नाही. लोक प्रश्न विचारतात, तो हो किंवा नाही एवढेच निवडतो. असे मौन आमच्या क्षेत्रांतील पुष्कळ साधूंनाही साधत नाही. सर्परूपही फुकट नव्हते. ते घेताना शक्ती खर्च होते आणि ती सरली की पुन्हा माणूस व्हावे लागते. दुकानदाराच्या आग्रहास्तव मीही एकदा खेळाचे ते बटणांचे यंत्र हाती घेतले. गावाच्या वेशीबाहेर पडताच बेडकासारख्या एका क्षुद्र जीवाने माझ्या वीराला तीनदा मारले. शेजारच्या संचावरील मुले हसली नाहीत. ती शास्त्रीबुवांच्या उपस्थितीत हसू नये म्हणून इतक्या संयमाने बसली होती की, ती खेळतही नव्हती.

दुसरा भाग लावला, तिसरा लावला, चौथाही लावला. प्रत्येक वेळी मुलगा निराळा, जग निराळे. मात्र नाव तेच, निळे केस तेच, आणि अंगात तोच सर्प. मी प्रसन्न झालो.

"म्हणजे आत्मा एकच," मी म्हणालो. "पुनःपुन्हा देह धारण करतो. हे तर शास्त्राला धरूनच आहे."

"तसं न्हाई गुरुजी," दुकानदार तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "मागल्या भागातलं ह्या भागात काईच येत न्हाई. ना ओळख, ना कमाई. जुनं सेव्ह केलेलं कार्ड लावून पाहा, घेतच न्हाई त्ये."

"मग सर्प कसा होतो?"

"सवय येती. मालक येत न्हाई."

पाठशाळेत बारा वर्षे आम्ही रोज भोजनापूर्वी बौद्धाच्या मताचे, म्हणजे संस्कार पुढे जातात पण आत्मा असा कोणी नाही ह्या मताचे, खंडन करीत असू, आणि तो बिचारा बौद्ध प्रत्येक वेळी हरत असे, कारण त्याची वाक्येही आम्हीच बोलत होतो. ज्याच्याशी मी आयुष्यभर वाद घातला, तो समोर बसून मला उत्तर देत आहे, असा तो पहिला दिवस. माझ्याजवळ उत्तर होते, पण ते ग्रंथातल्या बौद्धासाठी होते, ह्याच्यासाठी नव्हते. मी घरी जाऊन पूर्वपक्ष लिहावयास घेतला.

तो अकरा पाने झाला. समितीच्या सभेत मी तो वाचला. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिले, मग मला विचारले, "यात दुकान बंद करा, असं कुठं आहे?"

"ते निर्णयात येईल."

"निर्णय कधी?"

"पूर्वपक्ष पूर्ण झाल्यावर. पाचवा भाग निघाला आहे म्हणतात. पण तो चालवणारे यंत्र अजून हिंगोलीत आलेले नाही."

"शास्त्रीजी, तुमी दुकानदाराच्या बाजूचे होऊन राहिलात."

मी सांगितले की तसे नाही, मी अद्याप कोणत्याच बाजूस पोचलेलो नाही. परंतु पाहिल्यावाचून बोललो हा माझा दोष, म्हणून सही करणार नाही. तेव्हा निवेदन इतरांपुढे फिरले. पुष्कळ जण दुसरी सही करावयास तयार होते. पहिलीस कोणी तयार होईना. कागद तसाच राहिला.

त्या सायंकाळी प्रवचनात मी माझे वाक्य जाहीरपणे मागे घेतले, कारणांसह, सविस्तर. वर मान करून पाहिले तर मंडप पूर्ववत झोपलेला.

दुकान उघडे राहिले, परंतु रिकामे. मुख्याध्यापकांपेक्षा माझेच वाक्य अधिक काम करीत होते. ते घराघरांत गेले होते आणि माघार कोणाच्याच घरी पोचली नव्हती. दुकानदाराने एक संच विकावयास काढल्याचे कळले, तेव्हा मी प्रायश्चित्ताचा विचार केला. शब्दांचा उपयोग नाही, हे सिद्ध झाले होते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून दुपारी पडदा बाजूला सारून, रस्त्यावरून दिसेन असा, मी दुकानात खुर्ची घेऊन बसू लागलो. कपाळी गंध, खांद्यावर उपरणे, हातात जपमाळ. येणारे-जाणारे थबकत. पहिल्या आठवड्यात नुसते पाहून जात, मग कोणी आई मुलाला दारापर्यंत सोडून म्हणे, "गुरुजी हायेत ना आत, मंग बस घडीभर." मी मान हलवी. जपही चाले आणि मधल्या वेळात आत्म्याविषयीचा वादही. त्यात मी दोनदा जिंकलो असे मला वाटते, त्याला वाटत नाही.

अडीच महिन्यांनी एके दुपारी दुकानदार बराच वेळ माझ्याजवळ घुटमळला. तिन्ही संचांपुढे गर्दी होती, दोन मुले भिंतीला टेकून उभी होती.

"गुरुजी," तो संकोचून म्हणाला, "तकलीफ नसंल तर... आता खुर्ची लागून राहिली."

मी उठलो, उपरणे सावरले आणि घरी आलो.