राणोजीमामांनी पास केलेली गाडी

आमच्या खालच्या मजल्यावरचे राणोजीमामा बावीस वर्षं मद्रासजवळच्या एका मोटार कारखान्यात होते. गाडी पूर्ण तयार झाली की ती एका लांब, पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या बोगद्यातून जायची. त्या बोगद्याच्या तोंडाशी मामा उभे असत. दरवाजा आणि सांगाडा यांच्यातली फट, रंगाखालचा एखादा कण, काचेच्या रबराची एक सुरकुती. सगळं ठीक असेल तर ते सही करत आणि गाडी बाहेर पडे. मग त्या परदेशी कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. त्यालाही आता काही वर्षं झाली.

त्यांना वाईट वाटलं असं ते कधी म्हणाले नाहीत. सीतामामी सांगतात, शेवटच्या दिवशी ते नेहमीच्याच बसने आले, हातपाय धुतले, दहीभात खाल्ला आणि झोपले. त्यानंतर ते हळूहळू कमी बोलायला लागले. काहीही विचारलं तरी तमिळमधलं "सरी", म्हणजे "बरं". जेवता का? सरी. पंखा बंद करू? सरी. तंजावूरची त्यांची जुनी, घोळदार मराठी ऐकायला मला फार आवडायचं. पण आता ती फक्त मामींच्या तोंडून ऐकू येई.

गाडी घ्यायचं मामींमुळे निघालं. त्या पेरुंगुडीच्या एका शाळेत कारकून आहेत. दोन्ही गुडघे गेलेले. वेलचेरी स्टेशनचा जिना चढवत नाही, शेअर ऑटोत पाय दुमडत नाहीत.

"बावीस वर्षं लोकांच्या गाड्या बघितल्या," त्या म्हणाल्या, "घरी एक चाक आणलं नाही यांनी."

"सरी," मामा म्हणाले.

जुन्या गाड्यांची साइट माझ्या फोनवर होती, म्हणून गाडी बघायची वेळ मीच ठरवली आणि त्यांच्याबरोबर गेले. मामांनी दुसरी कुठलीही गाडी उघडून बघितली नव्हती. त्यांच्याच कंपनीची, पांढरी, सात वर्षांची. फोटोवर बोट ठेवून ते एवढंच म्हणाले होते, "ही."

दुकान गिंडीच्या पुढे होतं. गुरुमूर्ती नावाचा विक्रेता होता, पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र. मामांनी हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून मामींच्या हातात दिली. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून कारखान्यात तसं करावं लागे. मग दरवाजा उघडून त्याच्या खांबावरचा स्टिकर वाचला. महिना, वर्ष, पाळीचं अक्षर.

"बी शिफ्ट," ते म्हणाले. "माझी."

"सार काय म्हणतात?" गुरुमूर्तीने मला विचारलं. मी सांगितलं. तो हसला. "मग काय सार, तुमचंच बाळ!"

मामा गाडीभोवती फिरले. अंगठ्याचं नख फटीतून वरून खाली नेत, मान तिरकी करून, उजेडाकडे बघत. त्यांचा चेहरा तसाच होता, पण हात मात्र झरझर चालले होते. अर्ध्या तासाने ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "चांगली आहे."

"आता वाढीव वॉरंटीचं ठरवू," गुरुमूर्तीने टॅबलेट पुढे केला. "दोन वर्षं, इंजिन आणि गिअरबॉक्स. इतर गाड्यांना मी आग्रह करत नाही. पण ही कंपनीच राहिली नाही सार. हिच्या मागे उभं कोण राहणार?"

मामांनी गाडीच्या टपावर तळहात ठेवला.

"ही मी पास केलेली आहे," ते म्हणाले. "हिला वॉरंटी कशाला?"

इतकं लांब वाक्य मी त्यांच्याकडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मामीही थबकल्या.

मग गुडघे नीट मावतात का ते बघायला त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सीटचा पट्टा ओढला. ओढतच राहिल्या, पार शेवटपर्यंत, जिथवर पट्टा एरवी कुणी ओढत नाही. त्याच्या तळाच्या वीतभर भागावर तपकिरी डाग होता. त्यांनी तो बोटाने चोळला आणि बोट नाकाशी नेलं.

"ओ, इकडं या जरा."

मामा वाकले.

"आपल्या कपाटाला आहे तशीच रेघ," मामी म्हणाल्या. "ही गाडी पाण्यात होती. पट्ट्यापर्यंत."

वेलचेरीत तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दोनदा त्यांच्या घरात कमरेइतकं पाणी आलं होतं. मामांनी खाली हात घालून सीटचे बोल्ट चाचपले. हात बाहेर आला तेव्हा बोटांना गंज होता.

"मी हे बघितलंच नाही," ते म्हणाले.

"तुमच्याकडं कोरडीच यायची ना," मामी म्हणाल्या.

गुरुमूर्ती घाईघाईने म्हणाला, "अम्मा, पाणी नाही हो, धुतलेली असेल! वॉरंटी आमच्यातर्फे फुकट देतो, मग तर झालं?"

मामींनी टॅबलेट माझ्या हातात दिला. "कन्ना, बारीक अक्षरातलं वाच," त्या मला लाडाने म्हणाल्या.

सोळाव्या कलमात सापडलं. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही.

"बघ," मामी गुरुमूर्तीला म्हणाल्या. "मद्रासला राहायचं आणि पाणी सोडून बाकीची वॉरंटी घ्यायची. मग छत्रीपण पाऊस सोडून वापरू का रे?"

तो ओशाळून हसला. मामा हसले नाहीत. रुमालाने एकेक बोट पुसत ते फाटकाकडे चालू लागले. परतीच्या रिक्षात मामी त्यांची समजूत घालत होत्या: सात वर्षं गाडी कुठे कुठे फिरली असेल, त्यात तुमचं काय चुकलं, तुम्ही सही केलीत तेव्हा ती चांगलीच होती. मामा बाहेर बघत होते. गिंडी गेलं, रेसकोर्सची भिंत गेली.

"सरी," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या दुकानात दुसऱ्या कंपनीची करड्या रंगाची गाडी मिळाली. मामींनी आधी चारही पट्टे शेवटपर्यंत ओढून बघितले, गालिचा उचलून वास घेतला. मग मामांना हाक मारली.

"आता तुम्ही बघा."

"नको."

"अय्यो, नको काय? वॉरंटीबिरंटी काही घेत नाही मी. त्यात पाणी नाहीच. तुम्ही एकदा हात फिरवा, मला तेवढं पुरे."

मामा टेबलाशीच बसून होते. समोरच्या मुलीने वॉरंटीचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. एक वर्षाची की दोन?

"दोन," मामा म्हणाले.

"अहो, मी काय म्हणतेय?"

"कागद असू दे, सीता."

त्यांनी दोन्ही ठिकाणी सही केली. बावीस वर्षांच्या सवयीची, एका झटक्यात होणारी सही. मामींनी ती सही बघितली आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

आता रोज सकाळी आठला मामा त्यांना शाळेत सोडतात. चाळीसच्या वर वेग नेत नाहीत. मामींच्या गुडघ्यांना बराच आराम आहे. गेल्या महिन्यात पहिलं सर्व्हिसिंग होतं, तेव्हा मी सोबत गेले होते, माझं त्या बाजूला काम होतं म्हणून. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या होत्या आणि आत चाललेलं काम दिसावं म्हणून मोठी काच होती. बाकीचे लोक काचेशी उभे राहून आपापली गाडी शोधत होते. मामा टीव्हीकडे तोंड करून बसले.

मधेच मेकॅनिक आला. "सार, गाडी वर घेतली आहे. खालून एकदा दाखवू का?"

"तुम्हीच बघा," मामा म्हणाले.

किल्ली हातात येईपर्यंत ते तसेच बसून होते. शाळेच्या फाटकाशी मामी वाट बघत उभ्या होत्या.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे म्हणाले," मामांनी सांगितलं, आणि उतरून त्यांच्यासाठी दरवाजा उघडला.