रस्ता घरी न्यायचा नाही

किस्से साचतात ते बहुधा चहाच्या टपरीवर, नाहीतर ऑफिसच्या जिन्यात. आमच्याकडे ते व्हरांड्यात साचले, आणि त्याला कारण पाणी. खरचटलेली जखम नीट धुवायची तर दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं माणूस स्टुलावर बसून नुसता कण्हत राहणार, त्यापेक्षा त्याला बोलतं केलेलं बरं, असं शैलाचं मत होतं. शैला म्हणजे माझी बायको. आर्मीत नर्सिंग ऑफिसर होती, कॅप्टन म्हणून बाहेर पडली. समोरचं कोपर किंवा गुडघा ती हातात घ्यायची, मी तांब्यातून पाण्याची धार धरायचो, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गिरे कैसे, ये बताओ."

लखनऊला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या घरात बारा वर्षं मी ती धार धरली. तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. तांब्या माझ्याकडे आहे. किस्सेही.

*

सुरुवात पाटीमुळे झाली. गेटवर माझं नाव आहे आणि नावाआधी 'डॉ.' आहे. मी मातीतला डॉक्टर. एका संशोधन संस्थेत मातीचे नमुने तपासतो. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाला एवढा तपशील कुठून कळणार? एका दुपारी एक गृहस्थ रक्ताळलेला गुडघा घेऊन लंगडत आत आले. "डॉक्टर साहब, ज़रा देख लीजिए."

मी चष्मा लावून अगदी मन लावून पाहिलं. म्हणालो, "इसमें रेत बहुत है."

खरं सांगतो, मला तेवढंच दिसलं!

शैला आतून हात पुसत आली. "बाजूला व्हा. आणि पाणी आणा." त्या दिवशी झालेली कामाची वाटणी शेवटपर्यंत बदलली नाही.

तिचं शास्त्र साधं होतं. स्वच्छ पाणी, भरपूर पाणी, आणि ओल्या गॉझनं एकेक कण बाहेर काढायचा. वर मलम, चिकटणार नाही अशी पट्टी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं त्याची चौकशी. खोल जखम असेल, चेहऱ्यावर असेल, कण निघत नसेल तर सरळ हॉस्पिटल. रस्त्याची बारीक खडी आत राहिली आणि वरून कातडी धरली की तिथे निळसर काळा डाग जन्मभर राहतो. म्हणून ती प्रत्येकाला बजावायची, "सड़क घर नहीं ले जानी है, भैया." मला मराठीत सांगायची, रस्ता घरी न्यायचा नाही.

*

समोरच्या घरातले पांडेजी इंटर कॉलेजात हिंदी शिकवतात. एका सकाळी स्कूटर घसरून त्यांचा तळहात आणि ढोपर सोललं. शैलानं विचारलं, "गिरे कैसे?"

"नीलगाय, भाभीजी! एकदम सामने आ गई. ये बड़ी!"

धार चालू होती. पहिले खडे निघाले. "नीलगाय? इधर? सेक्टर में?"

"अब नीलगाय थी या सांड था... सींग तो थे."

शैलानं गॉझ बदलला. ढोपराखालची वाळू निघायला लागली.

"हो सकता है बछड़ा हो," पांडेजी म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कुत्ता भी हो सकता है."

शेवटचा कण निघाला तेव्हा पांडेजींनी डोळे मिटून घेतले. "कुत्ता ही था, भाभीजी. और... सो रहा था."

मग कळलं की ते स्वतःच्या नव्या बाल्कनीकडे बघत येत होते. रंग कालच लागला होता. शैला नंतर म्हणाली, "पहिली गोष्ट कधीच खरी नसते. जखम स्वच्छ व्हायला लागली की गोष्टही होते."

*

आमच्या मराठी मंडळींपैकी एक मेजरसाहेब छावणीत राहायचे, मूळचे नाशिकचे. पहाटेच्या धुक्यात सायकलवरून पडले आणि कोपराला टूथपेस्ट फासून आले. घरी कोणीतरी सांगितलं होतं, थंड वाटतं.

"मेजर, दात घासलेत की कोपर?"

"मॅडम, तात्पुरता उपाय हो!"

"बसा स्टुलावर. इथे मी सीनिअर."

पेस्ट धुण्यातच निम्मा वेळ गेला. मलम लागलं तरी मेजरसाहेब अस्वस्थ. सारखे कोपराकडे बघतायत. शेवटी राहवेना. "मॅडम, जळत कसं नाहीये? औषध जुनं आहे का?"

शैला स्पिरिट जखमेत कधीच घालायची नाही. चांगली कातडीही त्यानं भाजते, म्हणायची. पण जळल्याशिवाय औषध लागल्याचं समाधान फौजेलाही नसतं!

"जळायलाच हवं असेल," ती पट्टी बांधत म्हणाली, "तर घरी जाऊन बायकोला सांगा, सायकल चालवताना मोबाइलवर काय बघत होतात."

मेजरसाहेब उठले आणि चक्क सॅल्यूट करून गेले.

*

माझ्या मातीचा उपयोग फक्त एकदा झाला. झाला नसता तर बरं होतं.

आमच्या ओळखीतली इरा, कॉलेजातली मुलगी. घरात मराठी कळते, उत्तरं हिंदीत. आईबरोबर आली. दोन्ही तळहात खरचटलेले. "आंटी, बस यहीं कोचिंग के पास स्लिप हो गई."

मी धार धरली होती. खालच्या ट्रेमध्ये लालसर गाळ जमत होता. मला राहवलं नाही. "ही आपल्याकडची माती नव्हे. हा विटांचा चुरा आहे. सरोजिनी नगरला एअरपोर्टच्या बाजूला बांधकाम चाललंय ना, तिथला असणार."

आई इराकडे बघतेय, इरा ट्रेकडे बघतेय. शैलानं ड्रेसिंगच्या ट्रॉलीखालून माझ्या पायावर पाय दिला, तो चांगलाच लागला.

"अहो, तुमची माती लॅबमध्ये ठेवत जा."

दोन वर्षांनी इराच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगा बंगळूरला नोकरी करणारा. इरा पडली त्या दिवशी तो कुठल्या फ्लाइटनं गेला होता हे मी विचारलं नाही. मीही शिकतोच की!

*

रामआसरे भाजीची गाडी घेऊन आमच्या गल्लीत यायचा. एकदा आला तो गाडीशिवाय. मनगटाजवळ जरासं सोललेलं, फार तर रुपयाएवढं. "पीछे से किसी ने ठेले को मारा, मैडम. टमाटर सब बिखर गए."

शैला धुवत होती. दोन मिनिटांनी तो परत म्हणाला, "पीछे से किसी ने ठेले को मारा, मैडम. टमाटर सब बिखर गए." अगदी पहिल्यांदाच सांगतोय असं. तिनं वर पाहिलं. तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं, तोच सूर.

तिनं ग्लोव्ह्ज काढले. "अहो, गाडी काढा."

मनगट अर्धं धुतलेलं. मी म्हटलं, "एवढंसं तर आहे." ती म्हणाली, "हाताला एवढंसं आहे."

डोक्याला आतून मार होता. वेळेवर पोचला म्हणून वाचला. परत येताना मी तिला म्हटलं, "मला वाटायचं तू त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून विचारतेस."

"तेही आहेच. पण गोष्ट सांगताना माणूस कुठे अडकतो ते कळतं."

महिनाभरानं रामआसरे टोमॅटो घेऊन आला आणि गल्लीभर तक्रार करत सुटला, "तीन-तीन बार बताया साहब, तब भी मैडम ने सुना नहीं. सीधा अस्पताल!"

*

शैलाच्या स्वतःच्या डाव्या कोपराखाली मसुरीच्या डाळीएवढा निळा डाग होता. नवीन लग्न झालं होतं, वर्ध्याला तिच्या माहेरी गेलो होतो. स्कूटर मी चालवत होतो. मला एक वाईट खोड आहे, बोलायचं झालं की मी मागे वळतो. वळलो, आणि दोघंही रस्त्यावर. तेव्हा धुणारं कोणी नव्हतं, कुणीतरी वरून हळद दाबली. रस्ता तिनं घरी आणला तो असा.

त्यानंतर ती मागच्या सीटवर बसली की मी तोंड उघडायच्या आधीच म्हणायची, "समोर बघा."

लखनऊचे सगळे रस्ते मी त्या दोन शब्दांवर चालवले. धुक्यात, उन्हात, कडुनिंबाच्या सावल्या अंगावरून सरकत असताना. कधी कधी तर मी मुद्दाम वळल्यासारखं करायचो.

*

ती गेल्यावरही लोक येत राहिले. सगळ्यांना कुठे माहीत? एअर फोर्समधल्या कुणाची तरी बायको आली, साताऱ्याकडची. कोपर चांगलंच सोललं होतं.

"मॅडम आहेत का?"

"नाहीत."

"कधी येतील?"

मी काहीतरी सांगायला हवं होतं. मी तांब्या आणला. म्हटलं, मी पाणी घालतो, तुम्ही धुवा. ती धुवायला लागली. आता विचारायचं होतं, पडलात कशा? एवढंच. पण ते शैलाचं वाक्य, माझ्या तोंडून निघेना. व्हरांड्यात नुसता पाण्याचा आवाज. गप्प बसलं की दुखणं दुप्पट होतं. थोड्याच वेळात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे काका, बास झालं."

मी राहू दिलं. निदान हॉस्पिटलला जा असं तरी सांगायचं. तेही सुचलं नाही.

दोन महिन्यांनी रामआसरेच्या गाडीवर ती भेटली. कोथिंबिरीसाठी हात पुढे केला, तेव्हा कोपराखाली निळा डाग दिसला. ती हसून म्हणाली, "बरं झालं बघा, काका!"

घरी येऊन मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'ड्रेसिंग बंद है' असं लिहिलं आणि पाटीखाली अडकवलं. पांडेजी समोर उभे राहून ते तीन शब्द एखाद्या लांबलचक पत्रासारखे वाचत होते.

पुण्याहून मुलीचा फोन आला, नेहमीप्रमाणे हिंदीत. "बाबा, वो ट्रॉली किसी को दे दो ना. रोज़ देखते रहते हो उसे." तिचं बरोबर होतं. एका धर्मादाय दवाखान्याचे लोक रविवारी येऊन घेऊन जाणार असं ठरलं. गॉझ, पट्ट्या, ट्रे सगळं मी बांधून ठेवलं.

*

आणि हा शनिवारचा.

खोकं कमी पडलं म्हणून मी शैलाची स्कूटी काढली. दुपारची वेळ, सेक्टरचा रस्ता रिकामा, कडुनिंब फुललेला. बारीक पांढरी फुलं हवेतून इतक्या हळू खाली येत होती की ती पडतायत की तरंगतायत कळत नव्हतं. तेवढ्यात मी पडलो.

पांडेजी धावत आले. मला व्हरांड्यात आणलं, स्टुलावर बसवलं, बांधलेलं सामान सोडलं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोललेला, खडीनं भरलेला.

"देखिए डॉक्टर साहब, मुझे सिर्फ़ गिरना आता है," ते म्हणाले. "धोना आप ही को पड़ेगा. मैं लोटा पकड़ता हूँ."

ट्रे सापडेना. त्यांनी गेटवरचा पुठ्ठा काढून आणला आणि कोपराखाली ठेवला. मी उजव्या हातात गॉझ घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धार सुरू झाली.

"गिरे कैसे, ये बताइए."

"कुत्ता आ गया था."

"अच्छा. सोया हुआ?"

मला हसू आलं. हसताना पहिले खडे निघाले. मी धुवत राहिलो. बरंच दुखत होतं. पुठ्ठ्यावरची शाई ओघळायला लागली होती.

"कुत्ता नहीं था, पांडेजी."

"जानता हूँ. मैं बालकनी में था. सड़क ख़ाली थी."

"मैं पीछे मुड़कर शैला से कुछ कह रहा था."

धार थांबली. रामआसरेचा किस्सा पांडेजींना पाठ होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला, माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं. "आज दिन कौन सा है?"

"शनिवार."

"मेरे छोटे बेटे का नाम?"

"आपका कोई बेटा नहीं है. एक बेटी है, कानपुर में."

"सिर में कहीं लगा?"

"नहीं. हेल्मेट था."

"फिर से बताइए. गिरे कैसे?"

"पीछे मुड़कर शैला से कह रहा था कि नीम फूल गया है."

"एक बार और."

मी सांगितलं. तेच.

मग पांडेजींनी बादलीतून तांब्या भरून घेतला आणि धार पुन्हा धरली, थोडी वरून, जशी धरायला हवी तशी. कोपराजवळ एक काळा कण अडकून बसला होता. मी गॉझ ओला करून हलकेच फिरवत राहिलो.

"अच्छा, फिर?" पांडेजी म्हणाले. "भाभीजी क्या बोलीं?"

कण सुटला, आणि पाण्याबरोबर खाली गेला.

"समोर बघा."