अण्णांचा खास गाईड

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगतो. राहू दे, नका देऊ, तुम्ही पाळणार नाही हे मला माहीत आहे. फक्त चहा तोंडात असताना हसू नका. हा टेबलक्लॉथ बायकोच्या माहेरून आलाय आणि किस्साही तिच्या माहेरचाच आहे. म्हणजे गाढवपणा शंभर टक्के माझा. माहेर नुसतं साक्षीला होतं.

दोन हजार पाच असेल नाहीतर सहा. आम्ही तेव्हा हॉलंडात न्यूनेनला राहत होतो, मी आइंडहोवनला सॉफ्टवेअरमध्ये होतो. मंजिरीचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, सहा आठवड्यांसाठी आले होते. कऱ्हाडच्या एका हायस्कुलात त्यांनी चौतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. अर्ध्या तालुक्याला तांब्या आणि कांदा काढायला त्यांनीच शिकवलं म्हणा ना.

मी मंजिरीला बघायला गेलो तेव्हा या गृहस्थांनी मला पगार विचारला नाही. पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "एलिमेंटरीची परीक्षा दिली होती का?"

"दिली होती."

"ग्रेड?"

"सी."

"हं," अण्णा म्हणाले.

आता तो 'हं' तुम्ही ऐकलेला नाही, म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, मी परदेशात आलो, गाडी घेतली, प्रत्येक बातमीवर तोच 'हं'. मला या माणसाकडून एकदा, फक्त एकदा, "मानलं सुहासराव तुम्हाला" एवढं ऐकायचं होतं. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. आणि त्याआधीचा शनिवार ॲमस्टरडॅमच्या मोठ्या म्युझियमसाठी राखून ठेवलेला होता. माझी शेवटची संधी.

मंजिरीने पंधरा दिवस आधीच बजावलं होतं, "अरे, फोन करून इंग्रजी बोलणारा गाईड ठरव. अण्णांना नुसतं फिरवू नकोस, त्यांना बारकावे विचारायचे असतात."

दोन दिवसांनी तिने विचारलं, "केलंस का?"

"केलं," मी म्हणालो.

इथे थोडं थांबून आमच्या धंद्याची रीत सांगायला हवी. सोमवारच्या मीटिंगमध्ये आम्ही 'झालं' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, करायला घेणार आहे. 'करतोय' म्हणजे आत्ता तुम्ही विचारल्यावर आठवलं. साहेबालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे कुणाचं अडत नाही. पण घरात ही भाषा चालत नाही. मंजिरीने सरळ अण्णांना सांगून टाकलं, "अण्णा, यांनी तुमच्यासाठी खास गाईड ठरवलाय." आणि अण्णांनी वर्तमानपत्रातून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं. जरा कौतुकानं पाहिलं हो. त्या नजरेपुढे मी कसा सांगणार, की विसरलो म्हणून?

म्हटलं, बघू. तिथे गेल्यावर मिळेल एखादा.

शनिवारी मुलीला सर्दी-ताप, म्हणून मंजिरी घरी थांबली. आम्ही दोघंच ट्रेनने निघालो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात दोन पेन्सिली, हातात छोटी स्केचबुक. सबंध रस्ताभर ते गाईडला विचारायचे प्रश्न लिहून काढत होते. मी मोजले नाहीत, पण उट्रेख्त स्टेशनला पान उलटलं.

म्युझियमची मोठी इमारत तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती, एका बाजूला निवडक चित्रं लावलेली. अण्णांना रांगेत उभं करून मी काउंटरवर गेलो. तिथली बाई गोड हसून म्हणाली, "गाईड आधी ठरवावा लागतो. आज कुणीच मोकळं नाही."

परत आलो तर अण्णा विचारतात, "काय, आपला गाईड आला?"

"आत आहे," मी म्हणालो. अशा छातीठोकपणे म्हणालो, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, कशाच्या जोरावर? अहो, वेरूळच्या. आपल्यापैकी कोण वेरूळला स्वतःचा गाईड करतो? दुसऱ्याने केलेला असतो. आपण त्याच्या घोळक्यामागे तीन पावलं अंतर ठेवून उभं राहायचं, नजर छताकडे, कान गाईडकडे. तो पुढे सरकला की दोन मिनिटं थांबून आपणही सरकायचं. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना अख्खं वेरूळ आणि रायगड असा दाखवला. ही विद्या हॉलंडात चालणार नाही असं मला वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

आणि घोळका मिळालाही. दुसऱ्या दालनात वीसेक माणसं, मध्ये उंच, जाड चष्म्याची गाईडबाई, आणि चक्क इंग्रजीत बोलत होती. देव आहे, मी मनात म्हटलं. माणसं मात्र फार नटलेली. सूट, रेशमी स्कार्फ, आणि एका आजीबाईंच्या छातीवर तर ताजं फूल. इथे जीन्सवर ऑफिसला जातात आणि म्युझियमला एवढं नटून कोण येतं, ही शंका मला यायला हवी होती. आली नाही.

"अण्णा, हा आपला ग्रुप," मी म्हणालो.

"एवढी माणसं?"

"एकट्यादुकट्याला देत नाहीत इथे. पण विषय तुमच्या आवडीचा घ्यायला सांगितलाय."

आणि नशीब बघा, गाईडबाई थांबली ती नेमकी एका स्थिरचित्रापुढे. चांदीचा पेला, पाव, अर्धं सोललेलं लिंबू. चौतीस वर्षं अण्णांनी तेच तर शिकवलं होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मलाही आतून भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पण इथेच घात झाला. वेरूळच्या विद्येचा पहिला नियम म्हणजे मागे उभं राहायचं. आणि अण्णांच्या दृष्टीने गाईड त्यांच्यासाठी ठरवलेला होता. मग ते मागे का उभे राहतील? दोन मिनिटांत ते घोळका चिरून सगळ्यांच्या पुढे. गाईडबाईला हाताने थांबवून म्हणाले, "मॅडम, वन क्वेश्चन. दिस टेबलक्लॉथ इज व्हाइट. बट व्हाइट कलर, नोव्हेअर. ओन्ली ग्रे, ब्लू, लिटल येलो. करेक्ट?"

बाई चित्राच्या जवळ गेली, नीट बघितलं. मग वळून सगळ्यांना म्हणाली, "या गृहस्थांनी फार सुंदर गोष्ट दाखवली."

झालं. अण्णांनी वही उघडली. लिंबू आधी रंगवलं की पेला? पेल्यात खिडकी दिसते, मग चित्रकार का दिसत नाही? फुलवाल्या आजीबाई सरकून अण्णांना जागा करून देत होत्या, मान डोलवत होत्या. मी मागे घामाघूम. पण कुणी काही विचारेना. आपल्याकडे लग्नात होतं ना, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे आणि मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे, तसंच काहीतरी झालं होतं. मी म्हटलं, जमलं की.

तासाभराने बाईंनी समारोप केला, टाळ्या झाल्या. मी अण्णांच्या कोपराला धरून बाजूला ओढायला लागलो, तर अण्णा म्हणतात, "अहो, ग्रुप तिकडे चाललाय." आणि ग्रुपबरोबर चालूही लागले.

एका बाजूच्या खोलीत शिरलो. लांब टेबल, कॉफी, आणि मधोमध तुकडे करून ठेवलेला क्रीमचा केक. दारातच एकाने माझा हात हातात घेतला, "काँग्रॅच्युलेशन्स." दुसऱ्याने अण्णांचा घेतला, "काँग्रॅच्युलेशन्स." जो तो भेटेल त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करतोय.

अण्णांनी हळूच विचारलं, "हे कशाबद्दल?"

"इथे म्युझियम पूर्ण बघून झालं की करतात," मी म्हणालो.

पुढे मला कळलं, की डच माणसं वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, तर त्याच्या मुलाचं, सुनेचं, शेजाऱ्याचं, सगळ्यांचं अभिनंदन करतात. पण तेव्हा मला हे उत्तर इतकं पटण्यासारखं वाटलं, की मीही चार जणांचं अभिनंदन करून आलो. आजीबाईंचं तर दोनदा.

अण्णा टेबलाकडे बघत राहिले. केक, कॉफी, फुलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय थाट केलात हो. मला वाटलं होतं, तुम्हाला या गोष्टीतलं काही कळत नाही. मानलं सुहासराव तुम्हाला."

सहा वर्षांनी! मला त्या खोलीतून त्याच क्षणी कुणीतरी उचलून न्यायला हवं होतं.

पण मी तिथेच राहिलो आणि आनंदाच्या भरात केक खाल्ला. कुणीतरी अण्णांच्याही हातात बशी दिली. अण्णांचा शनिवार. शनिवारी अंडं चालत नाही. "तुम्ही घ्या," ते म्हणाले. आता अन्न टाकायचं का? तोही खाल्ला. छान होता.

मग माझं लक्ष गेलं. टेबलाशी एक उंच बाई, आजीबाईंची मुलगी असं नंतर कळलं, रिकाम्या ताटाकडे बघत उभी होती. हातात कागद. तिने कागद बघितला, खोलीतली डोकी बोटाने मोजली, परत कागद बघितला. आपल्याकडे वीस पानं वाढायची तर तीस जणांचा स्वयंपाक होतो. या देशात एकोणीस माणसं म्हणजे केकचे तुकडे एकोणीस. आणि दोघीजणी केकवाचून उभ्या होत्या. एक आजीबाईंची धाकटी बहीण. दुसऱ्या स्वतः आजीबाई, ज्यांचा ऐंशीवा वाढदिवस होता.

मुलगी सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आपण कोण?" तिने इंग्रजीत विचारलं. डच माणूस आडवळण घेत नाही.

"आम्ही गाईडबरोबर आहोत," मी म्हणालो.

गाईडबाईने कपातून तोंड काढलं. "माझ्याबरोबर? मला वाटलं, आजीबाईंच्या कॅनडाच्या भावाबरोबर आलेत."

कॅनडाचा भाऊ म्हणाला, "आम्हाला वाटलं, हे गाईडचे."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्टेटस रिपोर्ट खरा दिला. गाईड ठरवायचा विसरलो, बायकोला केलं म्हणून सांगितलं, सासऱ्यांसाठी म्हणून तुमच्यामागे लागलो, केक मी खाल्ला. दोन्ही मीच खाल्ले. अण्णांना इंग्रजी बोलताना अडखळायला होतं, पण समजतं सगळं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मला लाज वाटली, इतकी वाटली की ओठाला लागलेलं क्रीम पुसायचंही सुचलं नाही.

अण्णांनी खुर्ची ओढली. स्केचबुक उघडली, खिशातली पेन्सिल काढली आणि आजीबाईंना म्हणाले, "मॅडम, प्लीज सिट. टेन मिनिट्स. होल्ड प्लेट."

आजीबाई बसल्या, हातात रिकामी बशी. दहा मिनिटं पेन्सिल चालली. मग अण्णांनी पान फाडून दिलं. आजीबाई हुबेहूब, छातीवरचं फूल, गालावरच्या सुरकुत्या, मांडीवर रिकामी बशी. आणि मागे कोपऱ्यात एक माणूस, गाल फुगलेला, ओठाला क्रीम. आजीबाई इतक्या हसल्या की बहिणीला त्यांना धरावं लागलं. मग ते पान हातोहात फिरलं. ज्याच्याकडे पान जाई, तो आधी पानाकडे बघे आणि मग माझ्याकडे. त्यानंतर आजीबाईंनी अण्णांचा हात धरला, "आता मला ते लिंबू परत दाखवा," म्हणाल्या, आणि दोघं दालनाकडे निघाले. पाठोपाठ गाईडबाईसुद्धा गेली. मला कोट सांभाळायला ठेवलं.

ते चित्र त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय, असं अण्णांना पुढे पत्र आलं. म्हणजे आज हॉलंडात एका भिंतीवर मीही आहे. एलिमेंटरीला सी ग्रेड असलेल्या माणसाने याहून जास्त काय अपेक्षा करावी?

परतीच्या ट्रेनमध्ये अर्धा तास अण्णा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "विसरलो म्हणून सांगायचं की. मी काय खाणार होतो का तुम्हाला?"

"तुमची भीती वाटते अण्णा," मी म्हणालो. "सहा वर्षं वाटते."

"माझी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. मग घर येईपर्यंत त्यांनी स्केचबुकमधून मान वर काढली नाही, आणि 'घरी सांगू नका' म्हणायचा मला धीर झाला नाही. आता ते मंजिरीला सांगणार, आणि मंजिरी तिच्या आईला, आणि कऱ्हाडात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

दार उघडताच मंजिरीने विचारलं, "अण्णा, गाईड कसा होता?"

अण्णांनी शांतपणे बूट काढले. माझ्याकडे एकदा बघितलं. "गाईड फार उत्तम," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. जन्माची आठवण झाली."

मंजिरी माझ्याकडे अशी काही बघत होती, की मी लग्नानंतर प्रथमच दोन इंच उंच झालो. अण्णा आत निघाले, आणि जाता जाता म्हणाले, "फक्त एक कर मंजू. यांना कुठेही पाठवताना घरून पोटभर खायला घालून पाठवत जा."