हरलेल्यांच्या गावात केलेलं भाषण

फ्लोअर पॉलिशचा वास आला की मला टेक्सासमधला तो वर्ग आठवतो. ऐंशीच्या दशकात मी तिथे एमएस करत होते आणि खर्चासाठी कॉलेजच्या मुलांना शिकवत होते. माझं इंग्लिश मुलांना कळत नाही, अशी तक्रार झाली होती, म्हणून मला वर्गासमोर पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवायची परीक्षा द्यायची होती; तीत नापास झाले असते, तर माझं शिकवण्याचं काम आणि शिक्षण दोन्ही संपलं असतं. मी निवडलं ते अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलेलं असताना उत्तरेच्या राष्ट्राध्यक्षाने केलेलं भाषण. जिंकत असूनही तो हरणाऱ्या दक्षिणेविषयी मनात अढी ठेवू नका म्हणतो, हे मला फार भिडलं होतं. माझी नागपूरची रूममेट घाबरली. "अगं यार, हे साउथ आहे! दुसरं काहीतरी पाठ कर." मी ऐकलं नाही. पहिल्याच वाक्याला मागून कुणीतरी हसलं, तशी मी घाई सोडली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत गेले. सैनिकांच्या विधवांचा आणि पोरक्या मुलांचा उल्लेख आला, तेव्हा वर्गात फक्त पंख्याचा आवाज होता. भाषण संपलं आणि पिकल्या केसांच्या परीक्षक बाई उभ्या राहिल्या. "माझे पणजोबा त्या युद्धात दक्षिणेकडून लढले," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात या माणसाचं नाव काढलेलं चालत नसे. आज त्याचं म्हणणं मला पहिल्यांदा नीट कळलं, तुझ्या तोंडून." त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या वर्गाने. पुढे त्याच राज्यात मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. माझ्या इंग्लिशला अजून पक्कं मराठी वळण आहे आणि ते बदलावं असं मला कधी वाटलं नाही.