बाटलीभर समुद्र

गुलाब मीच मारला. रत्नागिरीहून प्लास्टिकच्या बाटलीत आणलेलं समुद्राचं पाणी मी आमच्या गावच्या बागेत त्याच्या बुडाशी ओतलं आणि आठवडाभरात पानं करपली. अकोल्याकडचा खारपाणपट्टा आमच्या शेजारी. खाऱ्या पाण्यानं पिकाचं काय होतं हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तर सोयाबीन पिकवणारा, पन्नाशीचा शहाणा!

तो गुलाब दादानं लावलेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, त्या बागेचा माळी. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायचा. तलावाकाठची ही बाग इंग्रजांच्या काळातली. दादा सांगायचा, कोण्या साहेबाला आपल्या समुद्राकाठच्या गावाची फार आठवण यायची, म्हणून त्यानं इथं तशीच बाग केली. पाण्याकडे तोंड केलेले बिडाचे बाक, काठाकाठानं फिरायला फरशीची वाट, दगडी कारंजं, बँडवाल्यांसाठी आठकोनी चौथरा. बँड मी काही ऐकला नाही. चौथऱ्यावर आता शेळ्या बसतात, कारंज्यात पालापाचोळा. दादा मात्र रोज संध्याकाळी बाक पुसायचा आणि तलावाकडे बघत विचारायचा, “खऱ्या समुद्रावर असंच असन का रे?”

गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको शेजाऱ्यांच्या जीपनं कोकणात निघालो. जीपमध्ये एक जागा रिकामी होती.

“दादा, चालतं का?”

“मी आलो तं झाडाईले पानी कोन देईन?”

“हे बी खरं हाय,” म्हणालो आणि त्या रिकाम्या जागेवर पाय पसरून बसलो. तुझ्यासाठी बाटलीभर समुद्र आणतो, असं वर ऐकवलं.

परतीच्या वाटेत फोन आला. झाडांना पाणी देता देता दादा कोसळला होता. पाईप चालूच होता म्हणे.

तेरवी झाल्यावर माझ्या प्रवासाच्या पिशवीत ती बाटली सापडली. फेकवेना, ठेववेना. म्हणून गुलाबाला घातली.

गुलाब वाळला त्या दिवशी मी बायकोपुढं रडलो कमी, बोललो जास्त. “मी इचारलं होतं ना त्याले? तोच नाही म्हने!”

ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नाही म्हनले, पन पिशवी भरून ठेवली होती त्याईनं. आपन निंगालो त्या सकाळी चहा द्याले गेली तवा दाराआड दिसली. नवा टॉवेल बी होता. मले वाटलं, तुमी अजून एकडाव म्हनसान.”