लाल बादलीतला हत्ती

समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी ज्योतीराम जगदाळे आमच्याकडे आले, ते ओळख करून घ्यायला नव्हे. आमच्या दारावरची नावाची पाटी डावीकडे झुकलीय, एवढं सांगायला. हातात स्क्रू ड्रायव्हर होताच. पाटी सरळ केली, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिली, "आता ओके हाय, कुसुमताई," म्हणाले आणि चहा न घेता गेले. पाटी नऊ वर्षं तशीच होती. आमच्या घरात कुणालाच ती वाकडी दिसली नव्हती. त्या दिवसापासून मात्र मला मजल्यावरच्या सगळ्यांच्याच पाट्या वाकड्या दिसायला लागल्या.

ज्योतीराम धाराशिवकडचे. आयटीआय करून चाकणला आले आणि चौदा वर्षं एकाच कंपनीत टिकले. तिथं गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात. ज्योतीरामांचं टेबल सगळ्यात शेवटी. त्यांच्या हाताखालून गेलेली बिजागरी थेट गाडीला लागते, म्हणून प्रत्येक नग मापायचा. त्यांच्यापुढे तीन पेट्या असतात. चांगला माल हिरव्या पेटीत. थोडी दुरुस्ती करून सुधारेल तो पिवळं लेबल लावून पिवळ्या पेटीत. आणि कामातून गेलेला लाल पेटीत. लाल पेटीत पडलेलं पुन्हा बाहेर येत नाही, हे ते इतक्या वेळा सांगायचे की आमच्या मजल्यावर कचरा टाकायला जाणारी माणसंसुद्धा क्षणभर विचार करायची.

माणूस वाईट अजिबात नाही. कुणाचा नळ गळो, कुणाचं गॅसचं बटण अडको, बोलवायच्या आधी हजर. पण डोळा कंपनीत ठेवून घरी येणं त्यांना जमायचं नाही. कोथिंबिरीच्या जुडीतले देठ, पोळीची गोलाई, वाण्याकडच्या साबणाच्या वडीची कड, सगळं तपासून घेणार. त्यांची बायको सुमन घरी ब्लाउज शिवते. तिनं लग्नानंतर आठवड्यातच सांगून टाकलं होतं की शिलाई मशीनच्या तीन फुटांत यायचं नाही. ती म्हणायची, हे देवळात गेले तरी आधी घंटा मधोमध टांगलीय का ते बघतात, मग नमस्कार करतात.

मुलगी वर्षाली तिसरीत. तिला मात्र बापाशिवाय चालायचं नाही. कंपनीची बस पुनावळ्याच्या पुलाखाली थांबते, तिथून बाप चालत येताना बाल्कनीतून दिसला की ही दार उघडून उभी. हातात दिवसभरात काढलेलं चित्र. ज्योतीराम ते हातात घ्यायचे, छान म्हणायचे आणि फ्रिजवर लावायचे. लावताना पट्टीने मापून लावायचे, एवढंच. चित्रात कधी दुरुस्ती सुचवली नव्हती.

तर यंदा शाळेनं एक गोष्ट काढली. बाईंचा मोबाइलवर निरोप आला, सुमननं मला वाचून दाखवला. दर रविवारी अर्धा तास आईने किंवा वडिलांनी मुलाबरोबर बसायचं, एकाच वहीत दोघांनी मनात येईल ते काढायचं, रंगवायचं, चिकटवायचं. चूक-बरोबर काही नाही, मार्क नाहीत, दोघांचं मन हलकं व्हावं एवढाच हेतू. आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती वही घेऊन दोघांनी शाळेत यायचं. सुमनकडे रविवारी गिऱ्हाइकांची रीघ, आणि वर्षालीला हवे होते पप्पाच. मला ही कल्पना फार आवडली. आमच्या वेळी मन हलकं करायला आई लसूण सोलायला बसवायची.

त्या पहिल्या रविवारी मी नैवेद्याच्या खिरीची वाटी द्यायला गेले, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. ज्योतीरामांनी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून बैठक मारली होती. आधी सगळ्या पेन्सिलींना टोक केलं. मग त्या उंचीप्रमाणे लावल्या. मग पानाच्या चारी बाजूंनी एक-एक सेंटिमीटरची चौकट आखली. मन हलकं करायच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्यात गेली. तोवर वर्षाली मांडी हलवत बसून होती. पान हातात आलं तशी तिनं एका दमात हत्ती काढला. जांभळा. सोंड आभाळात, चारही पाय एका रांगेत, एक डोळा वाटाण्याएवढा आणि एक करवंदाएवढा. मला तर तो हत्ती बघून हसूच आलं, इतका आनंदी होता.

ज्योतीरामांनी तो निरखला. मान हलवली. आणि उठून पिशवीतून व्हर्नियर आणलं. हे मापायचं अवजार, आयटीआयच्या सरांनी त्यांना बक्षीस दिलेलं. ते वापरून त्यांनी हत्तीचे डोळे मापले.

"डावा सहा, उजवा अकरा," ते म्हणाले. "चांगलाय. थोडंच काम हाय."

आणि त्यांनी कोपऱ्यात पिवळा कागद चिकटवून सुंदर अक्षरात लिहिलं, 'उजवा डोळा ५ मिमी जास्त. दुरुस्त करणे.' खाली तारीख आणि सही.

आता देवाशपथ सांगते, त्या माणसाच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. त्यांच्या दुनियेत पिवळं लेबल म्हणजे आशा आहे, जीव वाचला. पण हे आठ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? वर्षालीनं लेबल वाचलं. रडली नाही. उठून न्हाणीघरात गेली, तिथली लाल बादली उपडी करून पुसून आणली, टीव्हीशेजारी ठेवली आणि वही तिच्यात टाकली.

"रिजेक्ट," म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढचे चार दिवस ती बादली हॉलमध्येच. सुमन पातेल्याने अंघोळ करत होती, कारण बादली उचलायला गेलं की वर्षाली नुसती बघायची. हळूहळू बादली भरत गेली. फ्रिजवरची चित्रं गेली, बापाच्या वाढदिवसाचं कार्ड गेलं, शेवटी रंगपेटीसुद्धा गेली. बस आली तरी दारात कुणी उभं नसायचं. ज्योतीरामांनी मोठी, छत्तीस रंगांची पेटी आणली. पोरगी कंपनीच्या भाषेत म्हणाली, लाइन बंद आहे. चित्रं बाहेर काढावीत म्हणून त्यांनी बादलीत हात घातला, तर तिनं त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. लाल पेटीतलं बाहेर येत नाही ना, पप्पा? त्यांनी हात बाहेर काढला. शनिवार तोंडावर आला होता. पण शाळेचं त्यांना एवढं काही नव्हतं. पोरगी पुन्हा कधी चित्र घेऊन दारात उभी राहील की नाही, हे त्यांना खात होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते, तेव्हा ते कागद घेऊन आले. कंपनीत माल बिघडला की पाच वेळा 'का' विचारून मूळ दोष शोधतात म्हणे. त्यांनी हत्तीचं तसं केलं होतं. मुलगी का रुसली? लेबल लावलं म्हणून. लेबल का लावलं? डोळे लहानमोठे होते म्हणून. लहानमोठे का होते? हाताने काढले म्हणून. हाताने का काढले? हत्ती हातानंच काढतात म्हणून. पाचव्या 'का'पुढे नुसती रेघ होती.

"पाचव्याला मशीनचा दोष सापडतोच बगा," ते म्हणाले. "हितं मशीनच न्हाई. मला काई कळंना गेलंय."

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. मी त्यांना विचारलं की तुमच्या गावी मारुती असेल. म्हणाले, आहे की, वेशीवर. म्हटलं, त्याचे डोळे?

ज्योतीरामांनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले की चांदीचे डोळे आहेत, पण शेंदरावर शेंदूर चढत गेला तसा एक डोळा घसरून गालावर आलाय.

"मग त्याला लावलंत का कधी पिवळं लेबल?" मी म्हटलं.

"आठवीत असताना सरळ करायला गेलतो, ताई. वडलांनी पायताणानं मारलं." पुढे म्हणाले, "तवापासून तसाच हाय. आन आमी सगळे त्याच्याच पाया पडतो."

मी दिव्यात तेल घातलं.

शुक्रवारी पहिली पाळी संपवून ते घरी आले आणि बूट काढून थेट बादलीशेजारी फरशीवर बसले. दार उघडंच होतं, मी सुमनकडे ब्लाउज न्यायला गेले होते. ज्योतीरामांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं. पट्टी नाही, चौकट नाही. बादलीतला एक केशरी खडू तेवढा उचलला. परवानगी मागून उचलला. खिडकीशी उभ्या असलेल्या वर्षालीनं न वळताच मान डोलावली. मग त्यांनी गावचा मारुती काढला. म्हणजे एक मोठा शेंदरी गोळा, आणि त्याला दोन डोळे, एक जागेवर, एक गालावर. कपाळाला घाम आला होता त्यांच्या. बिजागऱ्यांच्या आख्ख्या पाळीत आला नसेल एवढा.

वर्षाली हळूच आली. बघत राहिली. मग पिशवीतून तिनंच व्हर्नियर काढलं, बापासारखाच एक डोळा मिटला आणि मापं घेतली. डावा बारा, उजवा एकवीस.

"दुरुस्त करू का?" ज्योतीरामांनी विचारलं.

"मारुतीला नाही करायचं," ती म्हणाली. मग बादलीकडे बोट दाखवून, "मग माझ्या हत्तीला का?"

सुमनची मशीन थांबली. मी ब्लाउजाची घडी घालत होते ती तशीच हातात राहिली. ज्योतीराम म्हणाले की चुकलं माझं. आणि मग त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर आमच्यापैकी कुणाला सांगितली नव्हती. कंपनीत एक कागद असतो. माल मापात नसतो, पण गिऱ्हाईक म्हणतं की मला आहे तसाच पाहिजे. मग गिऱ्हाइकाने त्या कागदावर सही केली की लाल पेटीतलंसुद्धा बाहेर काढता येतं.

"तुम्ही काढलंय कधी?"

"कधीच न्हाई. चौदा वर्षांत एक नग न्हाई."

"मग हत्तीचं गिऱ्हाईक कोण?"

"मी."

तिनं विचार केला. बादलीत हात घालून वही काढली आणि पुढे धरली. ज्योतीरामांनी पिवळ्या लेबलाखाली लिहिलं, 'आहे तसाच हवा आहे.' खाली सही, तारीख, आणि हुद्द्याच्या जागी गिऱ्हाईक. मग त्यांनी मारुतीचं पान तिच्यापुढे सरकवलं, कारण त्याचं गिऱ्हाईक ती. पण पोरगी कुणाची आहे? तिनं पान उजेडात धरलं, उलटंसुलटं पाहिलं आणि सांगितलं की सकाळी कळवते.

तिनं सही केली ती शनिवारी शाळेत निघताना, बूट घालता घालता. मारुती हत्तीच्या समोरच्या पानावर चिकटवला, थोडा तिरका. ज्योतीरामांचा हात पुढे झाला होता, तो त्यांनी खिशात घातला. सुमननं आधी बादली न्हाणीघरात नेली, मग देवाला नमस्कार केला.

आता दर रविवारी दहा वाजता आमची बेल वाजते. ज्योतीराम रुमालात गुंडाळलेलं व्हर्नियर माझ्या हातात देतात. मी ते देवघराच्या फडताळात, समईच्या वातींशेजारी ठेवते. साडेदहाला घेऊन जायचं असं ठरलंय. कधी कधी ते दहा-वीसलाच येऊन उभे राहतात. मी विचारते, झालं का चित्र? ते म्हणतात, नाही अजून, ती आज मला काढतेय. एक कान जरा... आणि मग पुढचं गिळून परत जातात.