हजार वॅटचा हट्ट

"हजार वॅट? साहेब, मासं पाळायचं हाईत का रस्सा करायचाय?"

"उत्तरेश्वरभाऊ, जोक नकोत. रोज संध्याकाळी ऑफिसातून येतो तेव्हा पाणी पंचवीसवर असतं. डिस्कस माशांना अठ्ठावीस अंश लागतं. म्हणजे तुमचे हीटर कमी पडतायत. सिंपल आहे."

हडपसरच्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावर, सहा फुटी टाकीसमोर उत्तरेश्वर मांडी घालून बसला होता. गडी बार्शीकडचा. गावाकडं प्यायला पाणी नव्हतं, आणि इथं तेरा वर्षं तो लोकांच्या माशांचं पाणी बदलून पोट भरत होता. बोली मात्र बदलली नव्हती. "मासं काय पेठेतलं मराठी बोलत्यात व्हय?" असं तो विचारायचा.

आज मात्र हसू ओठांवरच होतं. टाकीच्या मालकानं, प्रज्ञेशनं, काल सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'उत्तरेश्वरचे हीटर बोगस आहेत.' या सोसायटीत त्याच्या अकरा टाक्या. सकाळपासून दोन घरांनी 'उद्यापासून येऊ नका' म्हणून कळवलं होतं. बाकीची घरं इथं काय निघतंय याची वाट बघत असणार.

"आता ऐका," तो म्हणाला. "वाळू-दगड सोडून टाकीत पाणी पाचशे लिटर. थंडीत तुमचा हॉल वीस अंशाला. आठ अंश चढवायचं, तर लिटरमागं एक वॅट रगड झाला. पाचशे वॅट. त्योबी एकच दांडगा न्हाई, अडीचशेचं दोन, दोन टोकांना. बैलजोडी हाय ती. एक बसला तर दुसरा गाडी घरापत्तूर वडतोय. हजाराचा एकच लावला आन् त्यो चालूच अडकला, तर मग माशांना मीठ-हळद लावायचं तेवढं ऱ्हातंय."

"मी वेबसाइटवर चार्ट पाहिलाय."

"त्यो बर्फाच्या मुलखातला आसंल. तुमच्या हॉलात बर्फ पडतोय का?"

प्रज्ञेशनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. टाकीतले आठ मासे काळवंडून एका कोपऱ्यात उभे होते, मयतीला आल्यासारखे. दोन्ही हीटरचे लाल दिवे तर पेटलेले. बिघाड असेल तर कुठं? काच घासता घासता बघू म्हणून उत्तरेश्वरनं बाही वर केली. बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही हा त्याचा नेम. तो उठायला लागला, तोच दोन्ही दिवे आपोआप विझले.

"आरं तिच्या! बटण कुणी बंद केलं?"

"मी," दारातून आवाज आला. प्रज्ञेशची आई, शालनमावशी, पिशवी घेऊन निघाल्या होत्या. रोज सकाळी त्या लेकीकडं नात सांभाळायला जात आणि प्रज्ञेश यायच्या जरा आधी परतत. "आमच्या यांनी वीज मंडळात बत्तीस वर्षं लाइनमनकी केली. घर सोडताना बटणं बंद, ही त्यांची शिस्त. मी नाही मोडायची."

"रोज बंद करता, मावशी?"

"रोज. आल्यावर लावते की परत. मी काय विसरभोळी आहे?"

"मग माशांच्या हवेच्या पंपाचं बटण?"

"ते कपाटामागं आहे. हात पोचत नाही."

उत्तरेश्वरनं प्रज्ञेशकडं पाहिलं. प्रज्ञेशनं छताकडं पाहिलं.

"साहेब, बैल चांगलं हाईत. रोज सकाळी सोडून देत्यात त्यास्नी."

प्रज्ञेशनं निमूट मोबाइल काढला, टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "हीटर उत्तम आहेत. अडचण अंतर्गत होती."

"अंतर्गत म्हणजे मी का रे?" मावशी कडाडल्या.

उत्तरेश्वरच्या खिशात फोन वाजला. सकाळी नको म्हणालेल्यांपैकी एक घर, आता 'उद्या या' म्हणत होतं. बोलून त्यानं फोन ठेवला, मधेच कुणी चालू करू नये म्हणून बटणावर चिकटपट्टीचा तुकडा हलकाच लावला आणि बाही पुन्हा वर सारली.

"दिवे विझल्यातच, तर काच घासून घेतो."

"घास," चपला घालता घालता मावशी म्हणाल्या, "पण जाताना बटण चालू करून जा. तुम्हा लोकांना शिस्त नसते."

"व्हय मावशी," म्हणत त्यानं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि शेवाळ खरवडायला लागला.